अडतं कुठं

आन्तिओगूंनी चाकू मेजावर ठेवला
आणि जावयाचं गाऱ्हाणं सांगावं तसे म्हणाले,
"उघडत नाही हल्ली. आधी असा नव्हता."

पात्ताडात डिसेंबर. बाहेर उतरणीवर
मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा,
आत माझा दिवा, ऐरण, विझलेली शेगडी,
आणि तीस वर्षांपूर्वी माझ्या बापानं घडवलेला हा चाकू.
एडक्याच्या शिंगाची पिवळट मूठ,
मर्टलच्या पानासारखं पातं.
ना स्प्रिंग, ना खटका.
सगळा संसार नुसत्या घर्षणावर.

मी म्हणाले, बसा. ते बसले नाहीत.

आधी मळ. दहातल्या सात वेळा मळच असतो.
सुईनं फट कोरली. मेंढीच्या चीजची कड,
बुचाच्या झाडाची भुकटी,
तेलानं काळा पडलेला लोकरीचा धागा,
आणि पावाचा एक कण, दगड झालेला.
कागदावर मांडून दाखवलं.
"हे तर नेहमीचंच," ते म्हणाले.

मग शिंग. मेलं तरी शिंग पाणी पितं.
समुद्रापलीकडून दमट वारा सुटला की फुगतं,
आणि मुठीचे दोन्ही गाल पात्याला आवळून धरतात.
पातळ कागद आत सरकवला.
इकडून तिकडे फिरला, कुठंही न अडकता.

मग रिव्हेट.
बाप म्हणायचा, रिव्हेटवर हातोडी मारायची नसते,
हातोडीनं त्याला विचारायचं असतं.
एक ठोका जास्त, तर चाकू मुका.
एक कमी, तर वाचाळ: खिशातच तोंड उघडेल
आणि मांडीला काय बोलायचं ते बोलेल.

तेलाचा थेंब सोडला. पातं चिमटीत धरलं, ओढलं.
आलं.
लोण्यातून आल्यासारखं नाही, तसं येऊही नये;
थोडं मान राखून, थोडं आढेवेढे घेत,
जिथं सोडलं तिथं थांबत.
मिटलं. उघडलं. नऊ वेळा.
घोडं नेमकं कुठं पेंड खातंय, कळेना.

"तुम्ही उघडा बघू."

त्यांनी अंगठा पात्याच्या पाठीला लावला,
पलीकडून तर्जनी आली,
आणि दोघांच्या मधून पातं
ओल्या साबणासारखं निसटलं.
पुन्हा. पुन्हा.
अंगठ्याच्या बुडाशी सुपारीएवढी गाठ.
पन्नास वर्षं, दिवसातून दोनदा,
दोनशे मेंढ्यांचं दूध काढलेला अंगठा.

"बघितलंस?" ते म्हणाले. "अडतो."
"हो," मी म्हणाले, "अडतो खरा. शनिवारी या."

रात्री दिवा जवळ ओढला.
रिव्हेट ढिला करणं सोपं होतं,
पण मांडी आठवली.
मग गोल कानशीनं मुठीच्या दोन्ही गालांवर
नखाएवढी चंद्रकोर उतरवली,
म्हणजे पात्याची पाठ आणखी थोडी उघडी पडेल,
आणि तिच्यावर बोटाचं टोक नाही, अख्खं पेर बसेल.
बापाच्या कामावर मी कानस चालवली
ती पहिल्यांदाच.
शिंगाचा जळका वास सुटला.
बाप खोकला असता. मी खिडकी उघडली.

शनिवारी चाकू उघडला.
पहिल्या खेपेला नाही, दुसऱ्या.
ते माझ्याकडे जिंकल्यासारखे बघत राहिले.
"सांगत नव्हतो, खोट चाकूतच होती?"
"रिव्हेट," मी म्हणाले. "जुना झाला की हट्टी होतो.
चार युरो."

त्यांनी पैशांची पिशवी काढली,
आणि तिची चेन ओढायला लागले.

मी पाठ फिरवली,
आणि शेगडीत काही नसताना
बराच वेळ राख चाळत उभी राहिले.